‘क्वीन टू’ : सगळंच एका ताटात वाढणारा अल्बम

धप, धप, टाळी. धप, धप, टाळी. हे वाचताना तुमच्या डोक्यात गाणं सुरू झालं असेल, तर तुम्ही ‘क्वीन’ ऐकलेलं आहे. बँडचं नाव माहीत असो वा नसो. आमच्या बजाजनगरात गणपतीच्या मिरवणुकीत डीजेवाले दोन गाण्यांच्या मध्ये ते धप-धप घुसवतात, कंपनीच्या क्रिकेट स्पर्धेत विकेट पडली की तेच वाजतं. २०१८ साली ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ चित्रपट आला. त्यानंतर आणखी एक गोष्ट सर्वांना ठाऊक झाली : त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीला शिकला होता. व्हॉट्सॲपवर ते इतक्यांदा फिरून आलं, की जणू त्याला घडवायला आपण वर्गणी काढली होती.

मला ज्या ‘क्वीन’बद्दल सांगायचं आहे, तो यातला नाही. तो ८ मार्च १९७४ला लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्वीन टू’ नावाच्या अल्बममध्ये आहे. बँडचा हा दुसरा अल्बम. धप-धप नाही, स्टेडियम नाही, ज्यावर सर्वांनी मिळून हात हलवावेत असं जवळपास काही नाही. उलट राक्षसांची लढाई आहे, वेड्यांच्या इस्पितळात काढलेल्या एका चित्राचं वर्णन आहे, सव्वा मिनिटाचं एक विरहगीत आहे आणि साडेसहा मिनिटांचं एक असं गाणं, ज्यात चार-पाच गाण्यांचा ऐवज कोंबलेला आहे. माझी शिफारस हा अल्बम ऐका अशी आहे. ती का करावीशी वाटते, हे सांगायला जरा मागे जावं लागेल.

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ सालचा. त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांत काम करणारे आमच्यासारखे लोक बजाजनगरात. २००१ साली मी टूलरूममध्ये लागलो, तेव्हा एका खोलीत आम्ही चौघं होतो : एक गंगापूर तालुक्यातला, एक जिंतूरचा, एक लोणारकडचा आणि मी. तिघांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे खोलीत कायम कोणीतरी झोपलेलं असायचं. औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून मी ‘क्वीन’च्या निवडक गाण्यांची कॅसेट आणली होती. त्यात एक गाणं बाकीच्यांत बसत नव्हतं. ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’. अडीच-पावणेतीन मिनिटांचं, सुरुवातीला पियानोची घाईघाईने वर चढणारी आवर्तनं, मग गिटारचा लोंढा आणि शेवटी अचानक कुठल्यातरी जत्रेत घुसल्यासारखं लोक एक जुनं इंग्रजी गंमतगाणं गाऊ लागतात. ‘ऱ्हाय’ हे कुठे आहे म्हणून मी ॲटलास उघडून पाहिला होता. ते नकाशात नाही. फ्रेडीने मनाशी रचलेलं ते एक राज्य आहे. हे गाणं म्हणजे ‘क्वीन टू’चं शेवटचं गाणं, आणि माझ्यासाठी तीच किल्ली ठरली. पुढे पैठण गेटला एमपीथ्रीच्या सीड्या मिळू लागल्या, तेव्हा पूर्ण अल्बम हाती आला. जिंतूरकर रात्रपाळी करून आला होता, उशीखालून डोकं काढून एवढंच म्हणाला, “एका वेळी एकच लाव की.” एकच लावलं होतं. अल्बमच तसा आहे.

आता पाचगणी. फारोख बलसारा १९४६ साली झांजीबारला जन्मला. घर पारशी, मूळ गुजरातेतल्या बलसारचं, म्हणजे आजच्या वलसाडचं. वडील तिथल्या ब्रिटिश वसाहतीच्या सरकारी कचेरीत रोखपाल. आठेक वर्षांच्या मुलाला त्यांनी बोटीने मुंबईला आणि तिथून घाटावर पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं. शाळेत तो पियानो शिकला, मुष्टियुद्ध खेळला, नाटकांत उतरला आणि १९५८च्या सुमारास पाच मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवू लागला. मुख्य गायक दुसराच होता. एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी रेडिओवर ऐकायची आणि शाळेच्या समारंभात वाजवायची, असा तो प्रकार. सुट्टीत दर वेळी झांजीबारला जाणं शक्य नव्हतं. मग मुंबईला मावशीकडे. १९६४ साली झांजीबारमध्ये क्रांती झाली, कुटुंब लंडनजवळच्या फेल्टमला आलं. फारोखने तिथल्या ईलिंगच्या कला महाविद्यालयातून ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली. १९७०ला ‘क्वीन’ सुरू झाला आणि बलसाराचा मर्क्युरी झाला.

मुलाखतींत तो या वर्षांबद्दल फारसं बोलत नसे. त्यामुळे त्याच्या गाण्यांत राग शोधणं, पाचगणीचं धुकं शोधणं हा उद्योग मी करणार नाही. मी स्वतः पाचवीपासून तालुक्याच्या वसतिगृहात राहिलो. तिथे एक गोष्ट शिकायला मिळते, ती कुठल्याही रागापेक्षा पक्की बसते : दिवे गेल्यावर डोक्यात एक जागा तयार करायची आणि तिथे जाऊन राहायचं. ‘ऱ्हाय’ ऐकताना मला ती खूण पटते. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. पण पाचगणीवर आपला काही हक्क सांगायचाच असेल, तर तो एवढाच सांगावा.

‘क्वीन’चा पहिला अल्बम जुलै १९७३मध्ये आला. तो त्यांनी लंडनच्या सोहो भागातल्या ट्रायडंट स्टुडिओत केला होता, पण कसा? गिऱ्हाईक नसेल त्या उरल्यासुरल्या वेळात, बहुतेकदा रात्री. आमच्याकडे याला ‘मशीन रिकामं असेल तेव्हा आपलं काम काढणं’ म्हणतात. त्याचा त्रास काय असतो, हे ज्याने केलं आहे त्याला विचारा. सेटिंग लागेस्तोवर मालकाचं काम येतं. दुसऱ्या अल्बमच्या वेळी त्यांनी हट्टाने स्वतःचा सलग वेळ मागून घेतला. ऑगस्ट १९७३च्या त्या महिन्यात, रॉय थॉमस बेकर या निर्मात्यासोबत, त्यांनी सुचेल ते सगळं करून पाहिलं. राक्षसांच्या लढाईचं गाणं पहिल्या अल्बमच्या आधीच रचून झालं होतं. हाताशी पुरेसा वेळ येईस्तोवर त्यांनी ते राखून ठेवलं होतं.

तंत्राचं थोडं सांगतो, कारण त्याशिवाय या अल्बमची मेहनत कळत नाही. तेव्हा ध्वनिमुद्रण टेपवर होई आणि टेपवर मोजकेच ट्रॅक असत. समजा तुम्हाला तीस जणांचा कोरस हवा आहे आणि गाणारे आहेत तीन : मर्क्युरी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमवाला रॉजर टेलर. मग तिघांनी एक ओळ गायची, पुन्हा गायची, पुन्हा गायची. भरलेले ट्रॅक एकत्र करून एकाच ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळे झालेले ट्रॅक पुन्हा भरायचे. दर उतरवणीला टेपची खरखर वाढते, आणि एकदा एकत्र झालेले आवाज परत सुटे करता येत नाहीत. चूक झाली तर सगळं पहिल्यापासून. मेने गिटारचंही तेच केलं. अल्बमच्या सुरुवातीचा ‘प्रोसेशन’ हा तुकडा ऐकताना बासरी, व्हायोलिन असलं काहीतरी वाजतंय असं वाटतं. त्या सगळ्या एकावर एक रचलेल्या गिटारी आहेत. आमच्यात कोणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही, अशी तळटीप ते सुरुवातीच्या अल्बमांच्या वेष्टनावर छापत. ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नसे, म्हणून.

एलपीच्या दोन बाजूंना त्यांनी नावं दिली : पांढरी आणि काळी. पांढऱ्या बाजूवर पाच गाणी, त्यातली चार मेची आणि एक टेलरचं. काळ्या बाजूवर सहा, सगळी मर्क्युरीची. मुखपृष्ठावर मिक रॉक या छायाचित्रकाराने काढलेला फोटो आहे : अंधारात फक्त चार चेहरे, मर्क्युरीचे हात छातीवर फुली मारलेले. मार्लीन डीट्रिचच्या एका जुन्या फोटोवरून ती कल्पना घेतली होती. पुढच्या वर्षी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या व्हिडिओत हीच मांडणी पुन्हा वापरली, आणि जगाला ती तिथूनच ठाऊक आहे.

लोक पांढरी बाजू घाईने ओलांडतात. मी ओलांडू देणार नाही, आणि माझं कारण धंद्यातलं आहे. ब्रायन मेची गिटार विकतची नाही. १९६३ साली, सोळा वर्षांचा असताना, त्याने ती वडिलांबरोबर घरी बनवायला घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. दांडी केली ती जुन्या शेकोटीवरच्या महोगनीच्या फळीतून. फळीला कीड लागलेली होती, ती भोकं बुजवून घेतली. तारांवरच्या पट्टीवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. सूर थरथरवायचा जो दांडा असतो, त्याच्या टोकाला विणकामाच्या सुईचं टोक, आणि त्या यंत्रणेत तारांचा ताण तोलायला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा. हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मी दुसऱ्या पाळीत होतो आणि समोरच्या ट्रेमध्ये तसल्याच स्प्रिंगा होत्या. मिनिटाला हजारो वेळा दबून पुन्हा जागेवर यायचं, एवढंच तिचं काम. तार ओढून सोडली की सूर जागेवर यावा यासाठी तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. ज्या कोणाला हे सुचलं असेल, त्याला आमच्या टूलरूममध्ये दुसऱ्या दिवशी कामाला घेतलं असतं.

‘व्हाइट क्वीन’ या गाण्यात मेने दुसरी एक स्वस्तातली साधी गिटार वाजवली आहे. तिच्या घोडीत त्याने अशी काही करामत केली की तार झणझणत, सतारीसारखी बोलते. ज्यांनी तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल : तार घोडीला नुसती टेकायची नाही, तिच्यावरून हलकेच घासत गेली पाहिजे. साठच्या दशकात इंग्लंडात सतारीची साथ आली होती; बीटल्स तर सतारच घेऊन बसले. मेने सतार न घेता तिचं तत्त्व घेतलं. मला हा फरक मोठा वाटतो.

आणि दुसरं गाणं, ‘फादर टू सन’. बापाने मुलाला सांगितलेलं. ज्या बापाने दोन वर्षं मुलाबरोबर गिटार घासली, तोच बाप मुलगा ती घेऊन बँडमध्ये गेला तेव्हा दुखावला. मे खगोलभौतिकीत पीएच.डी. करत होता, सूर्यमालेतल्या धुळीवर त्याचं संशोधन होतं. ‘क्वीन टू’च्या काळातच ते अर्ध्यावर सुटलं. पुढे न्यूयॉर्कला मुलाचा कार्यक्रम पाहिल्यावर वडिलांचं मन वळलं, हे मेनेच सांगितलेलं आहे. पीएच.डी. त्याने २००७ साली पूर्ण केली, साठीला आल्यावर.

मग एलपी उलटायची. काळी बाजू सुरू होते ती उलट्या फिरवलेल्या टेपने : राक्षसांच्या लढाईचा शेवट आधी उलटा ऐकू येतो आणि त्यातून गाणं सुलटं होत बाहेर येतं. त्याला जोडूनच ‘द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक’. रिचर्ड डॅड नावाच्या चित्रकाराने मनोरुग्णालयात असताना नऊएक वर्षं एकाच छोट्या चित्रावर काम केलं; ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. गवताच्या पात्यांमागे दडलेल्या चिमुकल्या माणसांची त्यात इतकी दाटी आहे की नजर ठरत नाही. मर्क्युरीने सगळ्यांना ते चित्र पाहायला नेलं आणि मग हार्पसिकॉर्ड वाजवत त्या दाटीचंच गाणं केलं. अडीच-पावणेतीन मिनिटांत कानालाही तशीच दाटी जाणवते. ते संपतं न संपतं तोच ‘नेव्हरमोर’चा एकटा पियानो. सव्वा मिनिटात तेही गेलं. आणि मग ‘द मार्च ऑफ द ब्लॅक क्वीन’.

या गाण्याचं वर्णन करायला मला आपलीच भाषा जवळची वाटते. त्यात एके ठिकाणी आठाची चाल आणि बाराची चाल एकाच वेळी चालतात. तबलजी याला आड लय म्हणेल, दीडपट. रॉकमध्ये हे सहसा कोणी करत नाही, कारण नाचणाऱ्याचे पाय अडकतात. त्याशिवाय गाणं मध्येच थांबतं, हळवं होतं, नाटकी होतं, पुन्हा उसळतं. दीड वर्षाने, ऑक्टोबर १९७५मध्ये ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आलं. त्यातले सगळे डावपेच इथे आधी खेळून झालेले आहेत. फरक एवढाच की तिथे ते डाव नीट ओळीने मांडले आहेत.

अल्बम ऑगस्टमध्ये होऊनही मार्चपर्यंत रखडला. तेलाच्या संकटामुळे ब्रिटनमध्ये वीज वाचवायला कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालू ठेवायचा हुकूम होता. त्यातच १९७४च्या फेब्रुवारीत बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये त्यांना अचानक जागा मिळाली आणि ‘सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय’ घाईने बाजारात आणावं लागलं. गाणं दहाव्या क्रमांकापर्यंत, अल्बम ब्रिटनमध्ये पाचव्यापर्यंत गेला. म्हणजे पडला नाही. पण समीक्षकांपैकी बऱ्याच जणांनी नाकं मुरडली : अति झालं, भपका आहे, पोटात काही नाही. एप्रिलमध्ये ‘मॉट द हूपल’ या बँडच्या आधी वाजवायला ते अमेरिकेला गेले, तिथे मेला कावीळ झाली आणि दौरा सोडून परतावं लागलं. त्याच वर्षी त्यांनी तिसरा, आटोपशीर अल्बम केला, मग चौथा. आणि दुसरा मागे पडला. १९८१च्या निवडक गाण्यांत यातलं एकच गाणं आलं, तेच माझ्या कॅसेटवरचं.

‘अति झालं’ हा आक्षेप मला पूर्ण खोडता येत नाही. टेलरचं ‘द लूजर इन द एंड’ इथे का आहे, हे मला वीस वर्षांत कळलेलं नाही. ‘फनी हाऊ लव्ह इज’ चांगलं असूनही ‘ब्लॅक क्वीन’च्या ओघात वाहून जातं. पण सरमिसळ हा दोषच असतो असं मराठी माणसाने तरी म्हणू नये. लंडनमध्ये ‘क्वीन टू’ आला त्याच वर्षी मुंबईत ॲलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ केलं, त्यात जूडास गायले नंदू भेंडे, म्हणजे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. तेच नंदू भेंडे चार वर्षांनी, १९७८ला, पु.लं.च्या ‘तीन पैशाचा तमाशा’त दिसले. जब्बार पटेलांच्या त्या प्रयोगात नाट्यसंगीताच्या शेजारी रॉक होतं आणि रॉकच्या शेजारी लोकसंगीताचा ठेका. आनंद मोडक, भास्कर चंदावरकर आणि स्वतः भेंडे अशा तिघांचं संगीत. कोणी म्हणालं नाही की एका वेळी एकच लावा.

टूलरूममध्ये नवीन डाय झाली की आधी ट्रायल काढतात. ट्रायलचा तुकडा ओबडधोबड असतो, त्याला कडेने जादाचा पत्रा आलेला असतो. मापं घ्यायची, डाय दुरुस्त करायची आणि तुकडा भंगारात. बरीच वर्षं मी ‘क्वीन टू’कडे तसंच पाहायचो : ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची ट्रायल. आता पाहत नाही. त्या चौघांना ऑगस्ट १९७३मध्ये पुढचं काही ठाऊक नव्हतं. पहिला अल्बम फारसा चालला नव्हता, तिसरा मिळेलच याची खात्री नव्हती. अशा वेळी माणूस राखून ठेवत नाही, असेल ते सगळं ताटात वाढतो. ती भीती आणि ती उदारी या अल्बमच्या प्रत्येक मिनिटात आहे. पुढच्या सफाईदार अल्बमांत कौशल्य वाढलं, ही गोष्ट मात्र पुन्हा आली नाही. कशी येणार?

हे लिहायला निमित्त माझा मुलगा. गेल्या वर्षी दहावी झाली. हार्मोनियम वाजवतो, मोबाइलवर कसलेकसले आवाज जोडून गाणी करतो, कागदी यंत्रं बनवतो, महिन्याभराने चौथंच काही. मी त्याला म्हणालो, “एक काहीतरी धर.” आणि लातूरच्या शिकवणीला घातला. वसतिगृहात. पाठवताना हार्मोनियम मी माळ्यावर ठेवली, त्याच्या देखत. तो काही बोलला नाही. मीही माझ्या बापाशी काही बोललो नव्हतो.

महिन्यापूर्वी त्याला हा अल्बम पाठवला. कारण लिहिलं नाही. चार दिवसांनी उत्तर आलं : काळी बाजू भारी आहे, पांढरीला झोप येते. मी कळवलं, पांढरी परत ऐक, दुसरं गाणं नीट ऐक. त्यावर अजून उत्तर नाही. परीक्षा चालू आहेत, असं मी धरून चाललोय. हार्मोनियम खाली काढून पुसून ठेवली आहे. दिवाळीला येईल तेव्हा भात्यातून हवा जातेय का, ते दोघं मिळून बघू.

तुम्हाला सांगायचं तर असं : चाळीस मिनिटं मोकळी काढा, हेडफोन लावा, गाण्यांचा क्रम मोडू नका. पाचव्या गाण्यानंतर एक मिनिट थांबा, कारण तिथे एलपी उलटायची असते आणि तेवढी उसंत कानाला लागते. पहिल्यांदा गोंधळ वाटेल. दुसऱ्यांदा ‘ब्लॅक क्वीन’ आवडेल. तिसऱ्यांदा ‘व्हाइट क्वीन’मधली ती झणझणणारी तार. आणि कोणी खोलीतून ओरडलं की एका वेळी एकच लाव, तर त्यालाही शेजारी बसवून घ्या.